नालेची दोन टोकं आणि आपला १७ सप्टेंबर

कट्ट्यावर राजकारण तापलं की एक जण हमखास म्हणतो, "सोड यार, डावे काय अन् उजवे काय, कट्टर झाले की सगळे सारखेच!" कदाचित तो एक जण तुम्हीच असाल. या म्हणण्याला राज्यशास्त्रात घोड्याच्या नालेची उपमा देतात. राजकारणाची रेषा नालेसारखी वाकते आणि दोन्ही टोकं मधल्यांपेक्षा एकमेकांच्याच जवळ येतात.

खरंय का हे? तपासायला लांब जायची गरज नाही. दर १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, त्याच काळात जाऊ.

आपलं शहर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. एका टोकाला रझाकार होते. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी त्यांचा म्होरक्या, आणि धर्माच्या नावावर निजामाची सत्ता टिकवायची हे ध्येय. दुसऱ्या टोकाला तेलंगणातले कम्युनिस्ट. जमीनदार, वेठबिगारी आणि रझाकारांविरुद्ध ते १९४६ पासून लढत होते. म्हणजे दोघे हाडवैरीच.

आणि मे १९४८ मध्ये निजाम सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली! देशात पक्षाची सूत्रं तेव्हा बी. टी. रणदिवे या मराठी नेत्याकडे होती आणि नेहरूंचं सरकार हा पक्षाचा मोठा शत्रू ठरला होता. हैदराबादेत पक्षातल्या एका गटाने तर विलीनीकरणाऐवजी 'आझाद हैदराबाद'ची भाषा सुरू केली. नालेची टोकं भिडली म्हणायला आणखी काय हवं?

पण थांबा. जवळ येणं म्हणजे सारखं असणं नव्हे. तेलंगणातल्या वेठबिगाराला एका टोकाने जमीन मिळवून दिली, दुसऱ्याने त्याच्या मालकाची राजवट राखली. "सगळे सारखेच" म्हटलं की हा फरक आपण सरळ गिळून टाकतो.

मग साम्य कशात होतं? ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. भारतात सामील व्हा असं लिहिलं, एवढाच त्यांचा गुन्हा. तिकडे खेड्यांत कम्युनिस्ट दलमांनीही 'खबऱ्या' ठरवून माणसं मारली. हेतू वेगवेगळे, पण न पटणारा माणूस दोन्हीकडे गद्दारच.

पुढे सप्टेंबरात भारतीय सैन्य आलं, रझाकार संपले. कम्युनिस्टांनी मात्र लढा चालू ठेवला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये शस्त्रं खाली ठेवली. लगेच आलेल्या पहिल्या निवडणुकीत त्यांच्यातले रवी नारायण रेड्डी नलगोंड्यातून भरघोस मतांनी लोकसभेवर गेले. जमिनीची मागणी जुनीच होती, फक्त बंदुकीच्या जागी मतपेटी आली. याचा अर्थ, मागणी टोकाची असू शकते. ती रेटताना समोरच्याला जगू आणि बोलू देता का, यावर सगळं ठरतं.

म्हणून पुढच्या वेळी कट्ट्यावर दोन प्रश्न विचारा. तू कुणासाठी भांडतोस? आणि ज्याला तुझं पटत नाही, त्याचं काय करणार? पहिल्या उत्तरात फरक दिसेल, दुसऱ्यात साम्य.

आणि हो, दुसरा प्रश्न आधी आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला विचारा. शेवटी ज्याला काढलंत, त्याने नेमकं काय म्हटलं होतं, आठवतंय का?