शनिवारचे शिक्षक आणि आवर्ती ठेव

परक्या देशातून आलेला पंचविशीच्या आतबाहेरचा पदवीधर एखाद्या लहानशा गावातील शाळेत इंग्रजी शिकवीत आहे, हे दृश्य जपानमध्ये आता नवलाचे राहिलेले नाही. जपान सरकारने १९८७ साली ‘जेट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा उपक्रम सुरू केला आणि पहिल्याच वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण-तरुणी तेथे दाखल झाले. या तरुणांना वेतन मिळते. करार एक वर्षाचा असतो. तो वाढविता येतो, मात्र पाच वर्षांपलीकडे नाही. त्यांचे पदनामच मुळी ‘सहायक भाषा शिक्षक’ असे आहे. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो आणि पाहुणा त्याच्या जोडीने उभा राहतो.

आपल्या देशातही असे तरुण शिक्षक आहेत. ते परदेशातून आलेले नाहीत आणि त्यांना वेतनही नाही. त्यांची सर्वांत मोठी संख्या जेथे आढळते अशा शहरांपैकी एक म्हणजे बंगळुरू. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली बंगळुरूस गेली आणि पुढील काळात महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या कितीतरी तुकड्या त्याच वाटेने गेल्या. आज तेथील कार्यालयांत काम करणारे अनेक तरुण शनिवारी सकाळी एखाद्या शासकीय शाळेत किंवा वस्तीतील अभ्यासवर्गात इंग्रजी शिकवावयास जातात. कोणी स्वयंसेवी संस्थेमार्फत जातो, कोणी आपल्या कंपनीच्या उपक्रमातून, तर कोणी शिक्षण मंत्रालयाने २०१६ साली आरंभलेल्या आणि २०२१ साली नव्या स्वरूपात पुढे आणलेल्या ‘विद्यांजली’ योजनेतून. बंगळुरूतूनच चालणाऱ्या ‘ई-विद्यालोक’ या संस्थेचे स्वयंसेवक तर संगणकाच्या पडद्यावरून दूरच्या खेड्यांतील मुलांना शिकवितात.

या तरुणांचे कौतुक पुष्कळ होते. ते योग्यच आहे. परंतु कौतुकाच्या भरात एक प्रश्न मागे राहतो: या सेवेतून मुलाच्या पदरात नेमके काय पडते?

शनिवारच्या शिक्षिकेचा दिनक्रम डोळ्यांसमोर आणून पाहावा. आठवड्याचे पाच दिवस कार्यालयाचे. शुक्रवारी रात्री उशिरा घरी आल्यावर पुठ्ठ्याची चित्रे कापावयाची, त्यांवर शब्द लिहावयाचे. शनिवारी शाळा सकाळची व अर्ध्या दिवसाची असते. म्हणून सुटीच्या दिवशीही लवकर उठून बस गाठावयाची. वर्गात मुले तीस-पस्तीस. कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी तमिळ, तेलुगू वा उर्दू. काहींचे आईवडील रायचूर, यादगीर, कलबुर्गी या भागांतून इमारतीच्या कामावर आलेले. ‘बस’चे चित्र दाखविले की कन्नड मूल ‘बस्सु’ म्हणते, कारण त्याच्या भाषेत शब्द सहसा स्वरावर संपतो. गंमत अशी की हाच शब्द जपानी मूलही ‘बासु’ असाच उच्चारते आणि कारणही तेच. जपानी, कन्नड व मराठी या तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि इंग्रजीतील ‘अ’ व ‘द’ ही उपपदे तिन्हींतही नाहीत. त्यामुळे ‘मी शाळेत जातो’ हे इंग्रजीत सांगताना तिन्ही मुले एकाच ठिकाणी अडखळतात. ही अडचण बुद्धीची नसून घरच्या भाषेच्या वळणाची आहे, हे ज्या शिक्षिकेस उमगले तिचे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे अधिक कठीण आहे. पुढच्या शनिवारी कार्यालयात तातडीचे काम निघते आणि तिला जाता येत नाही. त्यापुढच्या शनिवारी ती जाते, तेव्हा मागील वेळी चुणचुणीतपणे उत्तरे देणारा मुलगा दिसत नाही. वडिलांचे बांधकाम संपले आणि कुटुंब दुसऱ्या टोकास हलले. चार महिन्यांनी तिचीच बदली होते किंवा तिला दुसरी नोकरी मिळते. नवा स्वयंसेवक येतो आणि पुन्हा ‘बस’च्या चित्रापासून प्रारंभ करतो. अशा रीतीने एखादा वर्ग तीन वर्षांत पाच उत्साही शिक्षक पाहतो आणि पाचही वेळा पहिलाच धडा शिकतो.

बँकेच्या व्यवहारात याचा अर्थ चटकन कळतो. एखाद्याने एकदाच मोठी रक्कम आणून भरली आणि दुसऱ्याने दरमहा ठरलेल्या तारखेस लहान रक्कम भरली, तर बचतीची सवय दुसऱ्यास लागते. भाषाशिक्षण हे आवर्ती ठेवीसारखे आहे. वर्षातून एकदा शंभर कर्मचाऱ्यांनी शाळेत जाऊन भिंती रंगविणे, वह्या वाटणे आणि छायाचित्रे काढणे यास मोल नाही असे नव्हे. परंतु त्याने मुलास वाक्य जुळविता येत नाही. शिवाय एक महत्त्वाचा भेद आहे. ठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याजाचे नुकसान ठेवीदाराचे होते. सेवा मुदतीपूर्वी मोडली तर नुकसान स्वयंसेवकाचे होत नाही, मुलाचे होते. म्हणूनच वेतन नसलेल्या कामात मुदत अधिक काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे.

‘काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे’ असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. तो नेहमीच खरा नसतो. ज्या मुलाने आईवडिलांच्या स्थलांतरात अनेक माणसे येताना-जाताना पाहिली आहेत, त्याला आणखी एक न सांगता निघून गेलेला माणूस काही शिकवीत असेल, तर तो विश्वास न ठेवण्याचा धडा होय. तसेच, शनिवारी रंगीत चित्रे घेऊन येणाऱ्या पाहुण्याच्या तुलनेत सोमवार ते शुक्रवार फळा-खडूवर राबणारा नेमणुकीचा शिक्षक मुलांच्या नजरेत उणा ठरू लागला, तर शाळेचे नुकसान दीर्घकाळाचे असते. जपानमधील पाहुण्यास ‘सहायक’ म्हणण्यामागे ही जाण आहे. वर्गाचा मालक कोण, हे तेथे पदनामातच स्पष्ट आहे.

आता इंग्रजीच का, या प्रश्नाकडे वळावे लागते. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला. कर्नाटकाने २००७ साली तेच पाऊल उचलले. मातृभाषेचे माध्यम सक्तीचे करण्याचा कर्नाटक शासनाचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी अमान्य केला. या साऱ्यामागे पालकांची तीव्र इच्छा आहे आणि तिला केवळ मोह म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. बँकेच्या शाखेत ही इच्छा समजून घेता येते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार ग्राहकांसाठीचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषेत असतात. परंतु भ्रमणध्वनीवर येणारे संदेश बहुधा इंग्रजीतच असतात. मजुरी करणाऱ्या ग्राहकाच्या घरी तो संदेश वाचावयाचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे येते. गुप्त सांकेतिक क्रमांकाच्या खाली ‘डू नॉट शेअर’ असे लिहिलेले असते. त्या मुलीला अक्षरे वाचता आली आणि अर्थ कळला नाही, तर दूरध्वनीवरून गोड बोलून क्रमांक मागणाऱ्या भामट्यापुढे त्या घराची वर्षाची बचत उघडी पडते. तीन शब्दांचे इंग्रजी एवढे मोलाचे ठरू शकते.

मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. त्या तीन शब्दांचा अर्थ मुलगी आईला सांगणार आहे तो घरच्या भाषेत. ती भाषाच कच्ची राहिली तर इंग्रजी पोपटपंची ठरते. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार पाचवीतील केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. आणि तो उतारा त्यांच्या शाळेच्या भाषेतील होता. ज्या मुलाला कन्नड वा मराठी वाचता येत नाही, त्यास इंग्रजीची गाणी पाठ करविणे म्हणजे पायाविना मजला चढविणे होय. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्येही, शक्य तेथवर, मातृभाषेच्या माध्यमाचाच आग्रह धरलेला आहे.

यास्तव बंगळुरूत शिकवू पाहणाऱ्या मराठी तरुणाने प्रथम कन्नड शिकावे. हे कठीण नाही. अक्का, अण्णा आणि तूप हे आपले घरगुती शब्द कन्नडमधून आलेले आहेत, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. त्यांनी कन्नड काव्याला ‘नाकु तंति’ दिले आणि त्यासाठी १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविला. हेच बेंद्रे कित्येक वर्षे सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवीत होते. दोन भाषांच्या सीमेवर उभे राहून दोन्हींची सेवा कशी करावी, याचा याहून ठळक दाखला शोधण्याची गरज नाही. शनिवारच्या शिक्षिकेने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये एक प्रश्न विचारला आणि मुले हसली, तर ते हसणे वर्गाच्या लाभाचेच ठरते. चुकत चुकत भाषा शिकता येते हे मुलांना त्याच क्षणी दिसते.

कर्नाटकापाशी या कामासाठी अनुभवाची पुंजीही मोठी आहे. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली ‘नलि-कलि’, म्हणजे आनंदाने शिकण्याची पद्धत पुढे राज्यभर पसरली. दक्षिणेकडील राज्यांच्या शिक्षकांना इंग्रजी अध्यापनाचे प्रशिक्षण देणारी प्रादेशिक संस्था १९६३ पासून बंगळुरूतच आहे. २००० साली बंगळुरूतील पाच शाळांतील १,५०० मुलांना दुपारचे जेवण देऊन ‘अक्षयपात्र’ने आरंभ केला, त्या योजनेची खरी ताकद जेवण रोज, ठरल्या वेळी पोहोचण्यात आहे. एक दिवस पंचपक्वान्ने आणि चार दिवस उपवास, असा तिचा क्रम असता तर तिचे नाव कोणी घेतले नसते. शिकविण्याच्या सेवेसही हाच न्याय लावावयास हवा.

त्या दृष्टीने काही नियम स्वयंसेवकांनी, त्यांना पाठविणाऱ्या संस्थांनी आणि कंपन्यांनी आपणहून पाळावेत. पहिला, एका शैक्षणिक वर्षापेक्षा कमी मुदतीचे वचन घेऊ नये व देऊ नये. दुसरा, एका वर्गास दोन स्वयंसेवकांची जोडी असावी, म्हणजे एकास अडचण आली तरी वर्ग बुडणार नाही. तिसरा, काय शिकविले व कोठे थांबले याची नोंदवही शाळेत राहावी. रोखपाल बदलला तरी खातेवही बदलत नाही, तसेच हे आहे. चौथा, वर्गशिक्षकाशी विचारविनिमय केल्याखेरीज नवा पाठ घेऊ नये. पाचवा, ओळख व पूर्ववृत्त यांची पडताळणी झाल्याशिवाय कोणासही मुलांच्या वर्गात एकटे सोडू नये. साधे बचत खाते उघडताना ग्राहकाची ओळख पटविणे आपण आवश्यक मानतो. मूल त्या खात्याहून कमी मोलाचे नाही. आणि सहावा, निघताना मुलांना सांगून, निरोप घेऊन निघावे.

कंपनी कायदा २०१३ मधील तरतुदीनुसार १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्चावे लागतात. त्यामुळे पैशाची वानवा पूर्वीइतकी राहिलेली नाही. वानवा आहे ती नियमितपणाची. ती भरून काढण्याची क्षमता केवळ तरुण अभियंत्यांकडेच आहे असे नाही. बँकेतून निवृत्त झालेले कर्मचारी, ज्यांनी पस्तीस-पस्तीस वर्षे दहाच्या ठोक्याला खिडकी उघडली, त्यांच्याइतका वक्तशीर स्वयंसेवक शोधूनही सापडणार नाही. बदलीवर परराज्यात गेलेल्या अधिकाऱ्यांनाही आठवड्यातील दोन तास अशक्य नाहीत. आपल्या ग्राहकांपैकी कितीतरी गृहिणी उत्तम इंग्रजी जाणतात.

त्यांच्यापैकी ज्यांना हे काम करावेसे वाटेल, त्यांनी प्रथम आपल्या वर्षभराच्या दिनदर्शिकेवर चाळीस शनिवार मोकळे आहेत का, ते पाहावे. असतील तर जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांस जाऊन भेटावे. नसतील तर त्या शाळेच्या वाचनालयास पुस्तके द्यावीत. तीही सेवाच आहे, आणि तिच्यात कोणा मुलाला पुढल्या शनिवारची वाट पाहत दाराशी उभे राहावे लागत नाही.