कोअर तपासेल तेव्हाच टायमर वाजेल

मल्टिकोअर प्रोग्रॅमिंग शिकवताना लॉक आणि रेस कंडिशनवर तासच्या तास जातात. वेळेचा विषय मात्र एखाद्या ‘स्लीप’वर आटोपतो. डीपीडीकेसोबत मिळणारा टायमरचा नमुना प्रोग्रॅम प्रत्येक नव्या अभियंत्याकडून चालवून घ्यायला हवा, तो यासाठीच. कर्नलला बाजूला ठेवून पॅकेट थेट हाताळणारा डीपीडीके हा संच इंटेलमध्ये जन्मला आणि २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे.

बांधणी सोपी आहे. मेसनला उदाहरणांत ‘टायमर’ निवडायला सांगायचे आणि निंजा चालवायचा. ह्यूजपेजेस आधी राखून ठेवायच्या, ‘-एल’ पर्यायाला ०-३ दिले की ४ कोअर कामाला लागतात. पहिला टायमर मुख्य कोअरवर दर सेकंदाला वाजतो आणि सुमारे २० फेऱ्यांनंतर थांबतो. दुसरा एकदाच वाजणारा. पण त्याचा कॉलबॅक त्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानंतरची वेळ देऊन पुढच्या कोअरवर लावतो, त्यामुळे पडद्यावर कोअरचे क्रमांक पाळीपाळीने उमटतात.

यामागे इंटरप्ट नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. प्रत्येक कोअरकडे प्रलंबित टायमरांची स्वतःची स्किप लिस्ट असते आणि त्या कोअरने ‘आरटीई टायमर मॅनेज’ हे फंक्शन बोलावले तरच ती तपासली जाते. लूपमधले एखादे काम ५० मिलिसेकंद रेंगाळले की त्या अवधीत मुदत संपलेले टायमर तोवर खोळंबतात. कॉलबॅकमध्ये मुद्दाम विलंब घालून हे पाहावे. पुस्तकी व्याख्येपेक्षा ते पक्के लक्षात राहते.

ही तपासणी प्रत्येक फेरीत करणे महाग पडते, म्हणून नमुना ती साधारण १० मिलिसेकंदांनी करतो. जुन्या आवृत्तीत हे अंतर २ कोटी सायकल असे थेट लिहिलेले होते. सायकली मोजणारा गणक २ गिगाहर्ट्झचा असेल तर ते बरोबर १० मिलिसेकंद. पण गणक १०० मेगाहर्ट्झचा असेल तर तेच अंतर २०० मिलिसेकंद होते आणि दुसऱ्या टायमरचा ताल बिघडतो. नव्या आवृत्तीत आधी गणकाची वारंवारता विचारून मग सायकली मोजल्या जातात. हे दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचावेत.

नमुन्यातून कोड उचलताना एक भर मात्र घालावीच लागते. दुसऱ्या कोअरवर टायमरचा कॉलबॅक चालू असेल तर टायमर लावणारे ‘रीसेट’ फंक्शन -१ परत करते. नमुन्यात कॉलबॅक स्वतःच्याच कोअरवरून टायमर पुन्हा लावतो, त्यामुळे तिथे हे उत्तर तपासलेले नाही. पण, उदाहरणार्थ, एआरपी नोंदींची मुदत सांभाळणाऱ्या कोडमध्ये दोन कोअर एकाच टायमरला हात घालू शकतात. तिथे ते तपासलेच पाहिजे.