आई पुन्हा गणित शिकते तेव्हा



मुलांना वर्गाला सोडायला येणाऱ्या पालकांच्या गप्पांत एक वाक्य नेहमी कानावर येते. "पुढे शिकायचं होतं हो, पण आता गणित सगळं विसरले." लग्न, मुले, देश बदलणे, इथली पहिली नोकरी यांत दहा-पंधरा वर्षे निघून जातात. मग हव्या त्या कोर्सला कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्स लागते असे कळले की अर्ज ड्रॉवरमध्येच राहतो. माझ्या मते तो अर्ज भरावा. मात्र त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी थोडी तोशीस सोसली पाहिजे.

डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांचे उदाहरण घ्या. १९६४ साली त्या मुंबई विद्यापीठात गणित घेऊन एम.ए.ला पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी संशोधनाला सुरुवातही केली. पुढे डॉ. जयंत नारळीकरांशी लग्न झाले आणि त्या केंब्रिजला गेल्या. तिथे काही काळ त्यांनी गणित शिकवले. १९७२ साली नारळीकर कुटुंब भारतात परतले. १९७४ पासून मंगलाताई पुन्हा त्याच संस्थेत काम करू लागल्या आणि १९८१ साली नंबर थिअरी या शाखेत त्यांना पीएच.डी. मिळाली. एम.ए.नंतर तब्बल सतरा वर्षांनी!

"त्यांच्यासारखी बुद्धी आपल्याला कुठली?" असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण सुवर्णपदक मिळवणाऱ्या बाईंनाही संसार सांभाळून तिथवर पोचायला इतकी वर्षे लागली, तर आपल्याला चार वर्षे जास्त लागली म्हणून लाजायचे कशाला?

मंगलाताईंकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'बहात्तर'बरोबर 'सत्तर दोन' असेही वाचायला शिकवावे, असे ठरले. त्या तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. महाराष्ट्रात मोठा वाद झाला. आपल्या वर्गातल्या मुलांना मात्र ही अडचण समजावून सांगावी लागत नाही, कारण 'सेव्हन्टी-टू' म्हणणाऱ्या मुलाला 'बहात्तर' उलटेच वाटते! वाद बाजूला ठेवू. एवढ्या शिकलेल्या बाई दुसरीतले मूल नेमके कुठे अडते याचा विचार करीत होत्या. पुन्हा शिकायला बसणाऱ्या मोठ्या माणसानेही स्वतःबद्दल असाच विचार करावा. कॅल्क्युलसच्या वर्गात पुष्कळदा अडते ते अपूर्णांकांपाशी, नाहीतर कंस सोडवताना. तेव्हा कॉलेज सुरू होण्याआधी दोन-तीन महिने नववी-दहावीचे बीजगणित रोज थोडे थोडे सोडवावे. वॉटर्लू विद्यापीठाचे बारावीच्या कॅल्क्युलसपर्यंतचे धडे इंटरनेटवर फुकट मिळतात. नोकरी सोडणे शक्य नसेल त्यांना अल्बर्टातील अथाबास्का विद्यापीठातून घरबसल्या कोर्स घेता येतात.

मराठी माध्यमात शिकलेल्यांची आणखी एक अडचण असते. गणित येत असते, पण ते मराठी शब्दांत. लसावि, त्रिज्या, काटकोन, वर्गमूळ हे सगळे पाठ. इथे मात्र प्रश्न इंग्रजीत. बालमित्रांनो, इथे तुमची गरज आहे. आईला किंवा बाबांना इंग्रजी शब्द तुम्ही सांगा आणि मराठी शब्द त्यांच्याकडून शिका. लसावि म्हणजे 'लीस्ट कॉमन मल्टिपल' हे ज्याला दोन्हीकडून कळले, त्याचे गणितही पक्के आणि मराठीही. आणि आईचे उत्तर चुकले तर हसू नका. तुमच्या चुकांना ती हसली होती का?

पालकहो, फी भरली की काम संपले असे नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी स्वयंपाक, भांडी आणि मुलांना स्विमिंगला नेणे दुसऱ्या कोणीतरी करायला हवे. एरवी गणिताची वही उघडते ती रात्री अकरा वाजता, आणि त्या वेळी सोपे गणितही अवघड वाटते. "तू शीक ना, माझी काही हरकत नाही," एवढे म्हणणे पुरेसे नाही. जेवणाचे टेबल दोन तास मोकळे करून द्या.

– एक पालक