भाकरी कुठे मिळेल?

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा सहकुटुंब मॉरिशसला जाऊन आला. समुद्राचे फोटो दाखवून झाले आणि तो रंगून बोलू लागला तो तिथल्या दालपुरीविषयी. डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी, तिच्यावर रस्सा आणि चटणी. गाडीपाशी उभे राहून खायची. 1834 पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटिया मजुरांनी हा पदार्थ तिथे रुजवला. त्या मजुरांत मराठी माणसेही होती. आज परदेशी पाहुणे तिच्यासाठी रांग लावतात. "मामा, तिथे जाऊन ती खाल्ली नाही तर गेलात कशाला?" असे त्याने मला बजावले.

महिन्याभरात हेच कुटुंब माझ्याबरोबर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आले. सरोवर पाहून वर येईतो दोन वाजले. हॉटेलच्या कार्डावर पनीरचे नऊ प्रकार होते. भाकरी विचारली तर पोऱ्या म्हणाला, "भाकर नाही भेटत सायेब, तंदुरी रोटी आणू?" हात धुवायला मागे गेलो, तर तिथे कामाची माणसे ठेचा आणि भाकरी खात बसलेली! मजुराचे अन्न तिकडे पाहुण्यांपुढे आले आणि आपल्याकडे ते मोरीजवळ बसून खायचे राहिले.

पाहुणे येत नाहीत, अशी तक्रार आता करता येणार नाही. जून 2020 मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. तो मेहकर, सिंदखेड राजा या तालुक्यांतूनच जातो. शेगावला तर बारमाही गर्दी. एवढी माणसे येतात, जेवतात, आणि इथली चव न घेता परत जातात.

अपवाद शेगावच्या कचोरीचा. पण तीही मूळ वऱ्हाडची नव्हे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास ती शेगाव स्टेशनवर विकायला सुरुवात केली. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी थांबायची, खिडकीतून कचोरी आणि तळलेली मिरची आत जायची. गार झाली तरी ती बिघडत नाही, हे तिचे भांडवल. भाकरीचे तसे नाही. ती तव्यावरून ताटात यावी लागते, आणि एका वेळी एकच थापता येते.

खरे तर या जिल्ह्याची जीभ दोन प्रकारची. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे खान्देशचा वारा लागलेला. तिथे वांग्याचे भरीत, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली कळण्याची भाकरी. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडे पिठले, अंबाडीची भाजी कण्या घालून, वर लसणाची फोडणी, आणि खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. वनभोजनाला गोवऱ्यांच्या आहारात भाजलेले रोडगे. ते फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खायचे. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला लाखोंची पंगत बसते, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढायला नेतात. शेगावच्या गजानन महाराजांची पहिली ओळख लोकांना 1878 साली झाली ती उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचताना, आणि पिठले-भाकरी ही त्यांची आवड म्हणून भक्त आजही तिचाच नैवेद्य दाखवतात. म्हणजे देवाला चालते. पाहुण्याला मात्र पनीर!

दोष एकट्या हॉटेलवाल्यांना देऊन मी मोकळा होणार नाही. ज्वारीच मागे सरली. सोयाबीन आले, ट्रॅक्टर आले, गोठ्यातली बैलजोडी गेली, मग कडबा कोणासाठी? पाखरे राखायला, कणसे खुडायला माणूस मिळेना. 2023 हे जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तोवर अनेक घरांत ज्वारी दुकानातून येऊ लागली होती.

आणि एक दोष माझाही आहे. नव्वदच्या दशकात मी या भागात बँकेचा शाखाधिकारी होतो. एक विधवा बाई स्टँडजवळ खानावळ काढायला आठ हजार मागायला आली. मी जामीनदार विचारला, तारण विचारले, धंद्याचा अनुभव विचारला. "वीस माणसांच्या भाकरी रोज थापते, अजून कोणता अनुभव पायजे सायेब?" ती म्हणाली. अर्ज मी फेटाळला. त्याच महिन्यात एका ढाब्याचे कर्ज मंजूर केले. त्याच्याकडे सातबारा होता. नियमात दोन्ही निर्णय बसत होते. 1995 नंतर सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली, तेव्हा ती बाई मला आठवली. त्या केंद्रांत पुढे वडे-चहाच विकला जाऊ लागला. एक रुपयात थापणारीच्या हाताला काय मिळणार होते?

आता बचतगटांना कर्ज मिळते, पण त्यांच्या वाट्याला बहुधा पापड, लोणची आणि प्रदर्शनातला स्टॉल येतो. महामार्गावरच्या विश्रांतीस्थळी एक चूल आणि पक्की जागा त्यांना माफक भाड्याने दिली, आणि थाळीला तंदुरी थाळीइतकाच दर लावू दिला, तर काय होते ते पाहायला हरकत नाही. स्वस्त म्हणून भाकरी विकायचा प्रयोग एकदा झालाच आहे.

तोवर लोणारला जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो: सकाळी सरोवरात उतरण्याआधी गावात दोन घरी, दोन खानावळींत विचारा. माणसे किती, ठेचा किती तिखट हे सांगून ठेवा. दुसऱ्या खेपेला आम्ही तसेच केले. भाचा तीन भाकरी जेवला आणि पाण्याचे दोन तांबे रिकामे केले.