'ही गो' आणि 'आई जातो'

आठवीच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना 'ही गो टू स्कूल' हे वाक्य इतक्या वेळा भेटते की तांबडी पेन्सिल झिजून जाते. जातो, जाते, जातोस, जातेस, जातात ही सारी रूपे जी मुले बिनचूक वापरतात, त्यांनाच इंग्रजीतले एकुलते एक 'गोज्' का आठवू नये? पुष्कळ शिक्षक याला निष्काळजीपणा म्हणतात. मला ते मान्य नाही.

मराठीत 'जातेस' एवढे म्हटले की कोणाशी बोलणे चालले आहे ते कळते. इंग्रजीत 'ही' म्हटल्यावर पुढचा 'एस्' नवे असे काहीच सांगत नाही. मग मुलाचा कान तो टिपणार कसा? 'डिड नॉट वेंट' या चुकीचेही तसेच. आपण 'गेला नाही' म्हणतो, म्हणजे भूतकाळ 'गेला' याच शब्दात राहतो. इंग्रजीत तो 'डिड'ने आधीच उचललेला असतो, म्हणून मागे नुसते 'गो' उरते. हे कोणी उलगडून सांगितले नाही, तर मूल आपल्या भाषेच्या न्यायानेच लिहिणार. त्या चुकीतही एक विचार असतो.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घरची भाषा कोकणी. तीत 'तो वता' आणि 'ती वता'. वर्तमानकाळी क्रियापद स्त्री-पुरुष भेद पाळत नाही. मराठी शाळेत गेलो त्या वर्षी मी 'आई बाजारात जातो' असे वाक्य केले. वर्ग हसला, गुरुजीही हसले. पुढे कित्येक महिने उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. शेवटी शेजारच्या एका आजींनी, "आपले 'वता' एकच रे, त्यांची मात्र दोन," असे सांगितले, तेव्हा कुठे ती चूक गेली.

म्हणून वहीत नुसती फुली मारण्यापेक्षा फळ्यावर 'तो गेला नाही' आणि 'ही डिड नॉट गो' ही वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत, आणि भूतकाळ कोणत्या शब्दात आहे ते मुलांनाच शोधू द्यावे. वेळ अधिक लागतो, हे खरे. पालकांनीही, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून, संकोच करू नये. "हेच आपल्या भाषेत कसे म्हणशील?" एवढे तर कोणत्याही आईला विचारता येईल.