एकाला मंच, दुसऱ्याला मज्जाव

जगातल्या महान रॉक बँडची आणखी एक यादी या आठवड्यात मोबाइलवर फिरली. पहिल्यापासून शेवटच्या नावापर्यंत सगळे इंग्रजीत गाणारे. सोबत ठरलेलं समर्थन: रॉकची भाषाच इंग्रजी, इतर भाषांतल्यांना घरचेच श्रोते.

हे धादांत खोटं आहे. अर्जेंटिनाच्या 'सोडा स्टेरिओ'ची सगळी कारकीर्द स्पॅनिशवर उभी राहिली आणि ती मेक्सिकोपासून चिलीपर्यंत पसरली. डिसेंबर 1991 मध्ये ब्युनोस आयर्सच्या नुएवे दे हुलिओ या अवाढव्य रस्त्यावर त्यांच्या मोफत कार्यक्रमाला अडीच लाखांच्या आसपास माणसं लोटली. 1997 मध्ये बँड फुटला. दहा वर्षांनी तिघं पुन्हा एकत्र आले, तेव्हा रिव्हर प्लेटचं स्टेडियम एकाच दौऱ्यात सहा वेळा भरलं.

मग प्रश्न उरतो तो हे घडलं कसं याचा. बँडचा मुख्य गायक गुस्ताव्हो सेराती याची गुणवत्ता वादातीत आहे. 'दे मुसिका लिहेरा' या गाण्यात चारच कॉर्ड गोल गोल फिरत राहतात, आणि तेवढ्यावर आख्खं स्टेडियम उड्या मारतं. हे येरागबाळ्याचं काम नोहे. पण नुसत्या गुणवत्तेने कुणी लाखोंच्या घरात पोचत नाही. तिथे रेडिओ लागतो. आपल्याकडे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या आकाशवाणीने पन्नाशीच्या दशकात चित्रपटगीतांना दार लावलं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले.

अर्जेंटिनात उलटं घडलं. 1982 मध्ये फॉकलंडवरून ब्रिटनशी युद्ध जुंपलं आणि लष्करी राजवटीने इंग्रजी गाणी रेडिओवरून हटवली. रिकामी झालेली वेळ भरायची कशाने? ज्या देशी रॉकवाल्यांना हीच राजवट आधी छळत होती, त्यांचीच गाणी मग दिवसभर वाजू लागली. सेराती, सेता बोसिओ आणि चार्ली अल्बेर्ती यांचा बँड त्याच वर्षी जुळून आला. 1983 च्या अखेरीस लोकशाही परतली, 1984 मध्ये पहिला अल्बम आला. तोवर लोकांचा कान स्पॅनिश रॉकला सरावला होता.

आता डोंगरापलीकडे, चिलीत पाहावं. सान्तियागोच्या सान मिगेल या कष्टकरी वस्तीतल्या सरकारी शाळेत होर्हे गोन्सालेस, क्लाउदिओ नारेआ आणि मिगेल तापिआ एकत्र आले. नाव घेतलं 'लोस प्रिसिओनेरोस', म्हणजे कैदी. लष्करी हुकूमशहा पिनोचेतच्या राज्यात हे नाव घेणं हीच छातीची गोष्ट होती. त्यांचाही पहिला अल्बम 1984 चाच, पण निघाल्या फक्त हजार कॅसेट. 1985 मध्ये टेलेटोन या देशभर दाखवल्या जाणाऱ्या मदतनिधीच्या कार्यक्रमात ते वाजवायला उभे राहिले, तर सरकारी वाहिनीने प्रक्षेपणच तोडलं. पिनोचेतने सत्तेत राहावं की नाही यावरच्या 1988 च्या सार्वमतात त्यांनी त्याच्याविरुद्ध उघड भूमिका घेतली, तेव्हा दौऱ्यातले कार्यक्रम धडाधड रद्द झाले.

आणि या दोन घटनांच्या मधोमध आहे फेब्रुवारी 1987. विन्या देल मारचा संगीत महोत्सव म्हणजे चिलीतला सगळ्यात मोठा मंच, घराघरांत टीव्हीवर पाहिला जाणारा. त्या मंचावर शेजारच्या देशातला सोडा स्टेरिओ आला आणि पोरापोरींनी त्यांना डोक्यावर घेतलं. पिनोचेत सत्तेत असेपर्यंत घरच्या प्रिसिओनेरोसना मात्र तिथे पाऊल ठेवता आलं नाही. ते विन्याच्या मंचावर आले 1991 मध्ये, लोकशाही परतल्यावर, आणि तेव्हा नारेआ बँड सोडून गेलेला होता. सोडा स्टेरिओचा यात दोष नाही. बोलावलं म्हणून ते गेले, आणि वाजवलंही झकास. पण प्रेम, शहर आणि रात्र यांची गाणी सत्तेला चालतात. बेकारीचं गाणं चालत नाही.

ते बेकारीचं गाणं म्हणजे 1986 च्या 'पातेआंदो पिएद्रास' अल्बममधलं 'एल बाइले दे लोस के सोब्रान'. कीबोर्डचा थंड ठेका आणि मधूनच कुत्र्यांचं भुंकणं. शाळा संपली, काहींना पुढची वाट मिळाली आणि उरलेल्यांच्या वाट्याला रस्त्यावरचे दगड लाथाडणं आलं, एवढीच गोष्ट. ऑक्टोबर 2019 मध्ये सान्तियागोत मेट्रोच्या भाडेवाढीवरून उद्रेक झाला, संचारबंदी लागली, आणि गाणं लिहिलं गेलं तेव्हा जन्मही न झालेली मुलं हेच गाणं रस्त्यावर गाऊ लागली. ते वाजवायला बँड उरलाच नव्हता.

दोन्ही बँडच्या मुख्य गायकांवर एकसारखाच घाला पडला. मे 2010 मध्ये कराकासमधल्या कार्यक्रमानंतर सेरातीला मेंदूचा झटका आला. चार वर्षं तो कोमात होता आणि सप्टेंबर 2014 मध्ये गेला. गोन्सालेसला 2015 मध्ये तसाच झटका आला. 2017 नंतर त्याने मंच सोडला.

सोडा स्टेरिओ मोठा बँड, यात वाद नाही. वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण, सफाई, सगळ्यात ते सरस. तरीही यादीत एकच नाव बसत असेल, तर ते प्रिसिओनेरोसचं असायला हवं. सरकारी टीव्हीने दार बंद ठेवलं आणि तरी त्यांचं गाणं तेहेतीस वर्षांनी रस्त्यावर गायलं गेलं. असा दाखला त्या यादीतल्या किती नावांना देता येईल? वाचकांनी आधी 'पातेआंदो पिएद्रास' ऐकावा, मग सोडा स्टेरिओचा 'कान्सिओन आनिमाल'. स्पॅनिश येत नसली तरी काही अडत नाही.