थांबलेल्या गाडीचे सौजन्य

रस्त्यावरील सभ्यतेचा विचार आपल्याकडे बहुधा धावत्या वाहनापुरताच केला जातो. बेफाम वेग, आडवातिडवा ओव्हरटेक, कर्कश हॉर्न, मद्याच्या अंमलाखाली वाहन हाकणे या विषयांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि दुर्दैवाने यापुढेही लिहावे लागणार आहे. परंतु वाहन थांबलेले असतानाही चालकाची काही कर्तव्ये शिल्लक उरतात, याचे भान अभावानेच आढळते. पणजी, मडगाव, म्हापसा येथील चौकांत, मेरशीसारख्या महामार्गावरील नाक्यांवर सिग्नलपाशी तिष्ठत उभे राहणे हा आता गोमंतकीयांच्या नित्यक्रमाचा भाग झाला आहे. तेव्हा थांबावे कसे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचा विचार करण्याची वेळ आली आहे. विशेषतः ऑटोमॅटिक गाड्या चालविणाऱ्यांनी तो केलाच पाहिजे.

ऑटोमॅटिक गिअर ही काही आजची वस्तू नव्हे. अमेरिकेत ऑल्ड्समोबिल मोटारींच्या १९४० सालच्या मॉडेलवर तो उपलब्ध झाला होता. आपल्याकडे मात्र दीर्घकाळपर्यंत तो श्रीमंतांच्या चैनीचा विषय राहिला. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर ‘एएमटी’ नावाची स्वस्त योजना बाजारात आली आणि मध्यमवर्गीयालाही क्लचच्या जाचातून मुक्त होण्याचा मार्ग सापडला. गुडघेदुखीने बेजार झालेल्या निवृत्त गृहस्थापासून रोज पर्वरीच्या कोंडीतून कचेरी गाठणाऱ्या नोकरदारापर्यंत अनेकांना या सोयीने दिलासा दिला आहे. त्याबद्दल कोणीही नाक मुरडण्याचे कारण नाही. पण प्रत्येक सोय आपल्याबरोबर एखादी नवी सवय घेऊन येते आणि ती सवय चांगलीच असते असे नाही.

साध्या गिअरच्या गाडीत सिग्नल लागला की चालकाला गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी लागते किंवा क्लच दाबून धरावा लागतो. पाय लवकरच दुखू लागतो, म्हणून बहुतेकजण न्यूट्रलचाच मार्ग पत्करतात. ऑटोमॅटिक गाडीत ही सक्ती उरत नाही. गिअरचा दांडा ‘डी’वर तसाच ठेवून उजव्या पायाने ब्रेक दाबून धरला की काम भागते. मात्र अशी गाडी खऱ्या अर्थाने थांबलेली नसते. तिला केवळ अडवून धरलेले असते. ज्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यांत इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून चाकांकडे जात राहते. ब्रेक सैल होताच गाडी आपोआप पुढे रांगू लागते. एएमटीच्या अनेक गाड्यांत यंत्रणा स्वतःच क्लच थोडा जोडून हेच करते आणि विजेवर चालणाऱ्या कित्येक मोटारींतही ही रांगण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. कोंडीत इंचाइंचाने पुढे सरकताना ती उपयोगी पडते. परंतु सिग्नलपाशी उभ्या असलेल्या गाडीपुढून माणसे चालत असतात, हे विसरून चालणार नाही.

झेब्रा क्रॉसिंगवरून जाणारी वृद्ध बाई, शाळेतून परतणारी मुले, बाजाराची पिशवी सावरीत निघालेला गृहस्थ, ही सारी माणसे समोरची गाडी थांबली आहे अशा विश्वासाने तिच्यापुढून पाय टाकतात. त्यांच्या आणि त्या गाडीच्या मध्ये उभा असतो तो केवळ एका पायाचा दाब. चालक खाली पडलेला मोबाइल उचलण्यास वाकला, मागच्या आसनावरील मुलाला पाण्याची बाटली देण्यास वळला, किंवा दिवसभराच्या श्रमाने त्याचा पाय नकळत सैल झाला, तर गाडी पुढे सरकते. त्याहून भयंकर म्हणजे गडबडून तोच पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. गाडी न्यूट्रलमध्ये असेल आणि हँडब्रेक लावलेला असेल, तर याच चुकीने इंजिन नुसते गुरगुरेल, एवढेच. पादचाऱ्याच्या जीवाला चालकाच्या पायाच्या थकव्यावर अवलंबून ठेवणे हा कोणत्या सभ्यतेचा प्रकार म्हणावयाचा?

हे झाले गाडीपुढच्यांविषयी. मागच्यांची दशा निराळी आहे. ब्रेक दाबलेला असेपर्यंत मागील लाल दिवे पेटलेले राहतात. साध्या बल्बच्या गाडीत मागचा नेहमीचा दिवा साधारणतः ५ वॉटचा, तर ब्रेकचा दिवा २१ वॉटचा असतो. हा फरक हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. भर दिवसाही मागच्याला तो दिसावा, ही त्यामागील योजना. नव्या गाड्यांतील एलईडी दिवे तर डोळ्यांत सुईसारखे रुततात. शिवाय मागील काचेपाशी तिसरा दिवा आला. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून तो प्रवासी मोटारींना सक्तीचा झाला आणि आता आपल्याकडील गाड्यांवरही सर्रास दिसतो. उंच बांध्याच्या गाड्यांत यांपैकी एखादा दिवा दुचाकीस्वाराच्या नजरेसमोरच येतो.

आणि आपल्या रस्त्यांवर मोटारीच्या मागे उभा असतो तो बहुशः दुचाकीस्वारच. गिऱ्हाईक घेऊन निघालेला पायलट, पाळी संपवून घरी परतणारा कामगार, मुलाला शिकवणीवरून आणणारी आई, यांना ना काच ना टप. पावसाळ्यातील रात्री हेल्मेटच्या काचेवर साचलेला थेंबन् थेंब तो लाल प्रकाश पसरवितो आणि मिनिटभर त्याकडे पाहिल्यानंतर पुढचा अंधारातील खड्डा दिसेनासा होतो. पेटता ब्रेकदिवा म्हणजे ‘सावध, मी थांबत आहे’ असा मागच्याला दिलेला निरोप. मागचा थांबल्यावर तो निरोप पोहोचलेला असतो. त्यानंतरही तो ओरडून सांगत राहणे म्हणजे समोर बसलेल्या माणसाशी कर्ण्यातून बोलण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये ही गोष्ट केवळ सौजन्यावर सोडलेली नाही. तेथील ‘हायवे कोड’च्या ११४ व्या नियमात चालकांना स्पष्ट सूचना आहे की, थांबलेल्या रांगेत हँडब्रेक लावावा आणि मागची वाहने थांबली की पायब्रेकवरून पाय काढून ब्रेकचे दिवे विझवावेत. स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झालेले आपले गोमंतकीय बांधव तेथे वाहन चालविण्याची परीक्षा देताना हाच ‘हायवे कोड’ अभ्यासतात. तेथे जे आपल्याच माणसांच्या अंगवळणी पडू शकते, ते येथे पडू नये असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही.

करावयाचे ते फार थोडे आहे. गाडी थांबविल्यावर आरशात पाहावे. मागचे वाहन येऊन उभे राहीपर्यंत ब्रेकचे दिवे पेटते ठेवणेच शहाणपणाचे; रांगेच्या शेवटी, विशेषतः महामार्गावर, तोच आपला बचाव आहे. मागची गाडी थांबली की दांडा ‘एन’वर घ्यावा, हँडब्रेक लावावा आणि मग पाय उचलावा. सिग्नल सुटण्याच्या बेतात आला की आधी पाय ब्रेकवर, मग दांडा ‘डी’वर आणि शेवटी हँडब्रेक सोडावा. काहीजण सिग्नलपाशी दांडा थेट ‘पी’वर नेतात. ज्या गाड्यांत तो रिव्हर्सवरून न्यावा लागतो, तेथे मागचा पांढरा दिवा क्षणभर उजळतो आणि ही गाडी आता आपल्या अंगावर येणार, या धास्तीने मागचा स्कूटरवाला दचकतो. ते टाळणे बरे. चढावावर ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी तोलून धरण्याची खोड तर सर्वस्वी त्याज्य. एएमटीच्या गाडीत त्यामुळे क्लच घासून जळतो आणि दुरुस्तीचा भुर्दंड मालकालाच बसतो. अलीकडच्या काही गाड्यांत पाय उचलला तरी ब्रेक धरून ठेवणारी ‘ऑटो होल्ड’ ही सोय असते. तिने पायाला विश्रांती मिळते खरी, पण मागचे दिवे बहुधा पेटतेच राहतात. म्हणून ती हँडब्रेकची जागा घेऊ शकत नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. एवढा खटाटोप करीत बसलो तर सिग्नल हिरवा होताच मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण करतील, असे कोणी म्हणेल. पाच-दहा सेकंदांच्या थांब्यासाठी हे करावे असे आमचेही म्हणणे नाही. परंतु जेथे मिनिट-दीड मिनिट उभे राहावे लागते, तेथे पुढच्या सिग्नलवर नजर ठेवणाऱ्यास एखाद्या सेकंदाहून अधिक विलंब होत नाही. त्या एका सेकंदासाठी जो हॉर्न वाजवितो, त्याच्या उतावळेपणाची किंमत पुढून चालणाऱ्या पादचाऱ्याने का म्हणून मोजावी?

या बाबतीत शासनालाही हात झटकता येणार नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १० व्या कलमात परवान्यासाठी विनागिअर व गिअरची मोटारसायकल असा भेद केलेला आहे. मोटारींसाठी मात्र ‘हलके मोटार वाहन’ हा एकच वर्ग आहे. परिणामी वीस-वीस वर्षे साधी गाडी चालविलेला गृहस्थ एके दिवशी शोरूममधून ऑटोमॅटिक गाडी घेऊन निघतो तो विक्रेत्याने दहा मिनिटांत दिलेल्या शिकवणीच्या जोरावर. डाव्या पायाने काहीही करावयाचे नाही, एवढे त्याला सांगितले जाते. थांबावे कसे, हे कोणीच सांगत नाही. वाहतूक खात्याने शिकाऊ परवान्याच्या प्रश्नांत याविषयीचे एक-दोन प्रश्न घालावेत, ड्रायव्हिंग स्कूलांना तशा सूचना द्याव्यात आणि विक्रेत्यांनी गाडीच्या चाव्यांबरोबर हा धडाही द्यावा. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना तिजोरीवर भार पडतो.

मात्र अखेरीस हा प्रश्न दंडाच्या पावतीने सुटणारा नाही. अकारण पेटलेल्या ब्रेकदिव्यासाठी कोणी पोलीस कोणाला अडविणार नाही आणि अडवूही नये. यंत्राने चालकाचे गिअर बदलण्याचे काम आपल्याकडे घेतले. पुढच्या-मागच्या माणसाची काळजी घेण्याचे काम मात्र चालकाकडेच राहिले आहे. ऑटोमॅटिक गाडीने त्याचा डावा पाय मोकळा केला, डावा हातही मोकळा केला. सिग्नलपाशी त्या हाताने हँडब्रेक ओढण्याइतकी तोशीस त्याने घ्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.